पहिला कृत्रिम पाय किंवा हात घेताय? बायोनिकच्या आधी हे वाचा

ज्यांचा पाय किंवा हात नुकताच काढावा लागलाय, किंवा घरात असं कोणी आहे आणि आता पुढे काय करायचं ते कळत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझा डावा पाय गुडघ्याच्या वरून गेलाय, आधी साधा मेकॅनिकल गुडघा वापरला, आता कॉम्प्युटरवाला वापरते. त्यामुळे पायाबद्दलचं जे आहे ते अनुभवाचं, आणि हाताबद्दलचं जे आहे ते फिजिओच्या हॉलमधे बाजूला प्रॅक्टिस करणाऱ्या मंडळींशी गप्पा मारून आणि वाचून जमवलेलं.

एक गोष्ट आधीच सांगते. आपण व्हिडिओ बघतो, रोबोट हाताची पाचही बोटं सुटी सुटी हलतायत, कार्बनच्या पात्यावर कोणीतरी सुसाट पळतोय, आणि डोक्यात बसतं की मशीन जेवढं भारी तेवढं आयुष्य सोपं. पण मशीन शरीराला जिथे जोडलं जातं ते सॉकेट नीट बसलं नसेल तर जगातला सगळ्यात महाग गुडघासुद्धा कपाटात पडून राहतो, आणि सॉकेट मस्त असेल तर अगदी साध्या पायावर लोक दिवसभर उभं राहून काम करतात. म्हणून वेळ, पैसे, डोकं, सगळं आधी सॉकेटवर खर्च करा, सेन्सर नंतर.

१. स्टंप तयार करा

ऑपरेशननंतर उरलेल्या भागाला सगळे स्टंपच म्हणतात, मीही तेच म्हणते. टाके निघाले की लगेच पाय मिळणार असं वाटतं पण स्टंप सुजलेला असतो आणि त्याचा आकार बदलत राहतो, पहिले काही महिने झपाट्याने आणि मग हळूहळू, वर्ष-दीड वर्षसुद्धा चालतं ते. सूज उतरवायला क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखं तिरकं बांधतात, टोकाकडे घट्ट आणि वर येताना सैल. गोल गोल गुंडाळू नका, रक्त अडतं आणि टोक फुगतं. बांधायला जमत नसेल तर श्रिंकर नावाचा घट्ट मोजा मिळतो, तो सोपा पडतो.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे उशी. दुखतंय म्हणून घरचे प्रेमाने स्टंपखाली उशी ठेवतात आणि बरं वाटतं, पण तसंच आठवडेच्या आठवडे ठेवलं तर खुबा किंवा गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग पाय सरळच होत नाही. आखडलेल्या सांध्यावर चांगला कृत्रिम पाय बसवणं फार अवघड असतं. त्यापेक्षा जमेल तसं दिवसातून दोन-तीनदा थोडा वेळ पोटावर झोपा, अर्थात डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. व्हीलचेअरवर बसताना गुडघ्याखालून पाय गेलेल्यांनी गुडघा सरळ राहील अशी फळी लावून घ्या.

जखम पूर्ण भरली की व्रणावरून बोटं फिरवून मसाज करायचा, वेगवेगळ्या पोताच्या कपड्याने घासायचं, हलकं थोपटायचं. सुरुवातीला नुसता स्पर्शसुद्धा सहन होत नाही, पण त्या कातडीवर उद्या अख्ख्या शरीराचा भार यायचाय, तिला सवय करून द्यायलाच हवी.

नसलेला पाय दुखणं, खाजणं, अंगठा पिळल्यासारखा वाटणं, हे बहुतेकांना होतं. वेड लागलेलं नसतं. मेंदूतला त्या पायाचा नकाशा अजून तसाच असतो. औषधं आहेत, आणि मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात आणलेली आरशाची थेरपीही आहे, म्हणजे दोन पायांच्या मधे आरसा उभा ठेवायचा आणि चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघत हालचाल करायची, काहींना त्याने खूप फरक पडतो, काहींना अजिबात नाही. दुखणं लपवू नका, डॉक्टरांना सांगा. आणि रात्री कुबड्या पलंगाला टेकवून, हाताला येतील अशाच ठेवा, कारण झोपेत उठताना पाय आहे असंच वाटतं आणि माणूस सरळ जमिनीवर येतो.

२. योग्य प्रोस्थेटिस्ट शोधा

हात-पाय बनवणारा माणूस म्हणजे प्रोस्थेटिस्ट. कंपनी निवडण्यापेक्षा हा माणूस निवडणं जास्त महत्त्वाचं, कारण पुढची कित्येक वर्षं त्याच्याकडे फेऱ्या असणारेत. पहिल्या भेटीत हे विचारा: माझ्यासारख्या लेव्हलचे, म्हणजे हात-पाय माझ्याइतकाच गेलेले, पेशंट तुम्ही किती बघता, चेक सॉकेट म्हणजे फायनलच्या आधीचं चाचणीचं सॉकेट बनवता का आणि ते घरी वापरून बघायला देता का, ॲडजस्टमेंटचे पैसे वेगळे की त्यातच, आणि तुमच्याकडे माझ्यासारखा पाय वापरणाऱ्या कोणाशी बोलता येईल का. शेवटच्या प्रश्नावर जो उत्साहाने हो म्हणतो तो बहुतेक वेळा बरा असतो. आणि जो पहिल्या दहा मिनिटांत स्टंपला हात न लावता कॅटलॉग उघडतो, त्याच्याकडून चहा न घेता निघा.

३. तुमचा दिवस कागदावर लिहा

घरातून बाहेर किती पडता, जिने किती, जमीन खडबडीत आहे का, मांडी घालून किंवा उकिडवं बसावं लागतं का, पाण्यात काम आहे का, वजन उचलता का, हे सगळं लिहून न्या. बऱ्याच देशांत के० ते के४ अशा पातळ्या लावतात, के० म्हणजे चालणं शक्य नाही आणि के४ म्हणजे खेळाडू किंवा खूप धावपळ असलेला माणूस, आणि कुठला गुडघा, कुठला पंजा मिळणार ते बऱ्याचदा या पातळीवर ठरतं. यात गोची अशी की तपासणीच्या दिवशी तुम्ही थकलेले किंवा घाबरलेले असलात तर पातळी खाली लागू शकते. म्हणून आज काय जमतं एवढंच सांगू नका, पाय जायच्या आधी काय करत होता आणि परत काय करायचंय तेही सांगा.

४. सॉकेट, इथे घाई नको

प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून किंवा स्कॅनरने स्टंपचं माप घेतात. त्यावरून आधी पारदर्शक प्लास्टिकचं चेक सॉकेट बनतं, आणि हा टप्पा गाळून थेट फायनल सॉकेट देणाऱ्यांपासून सावध राहा. पारदर्शक का, तर आत काय चाललंय ते दिसतं. उभं राहून वजन टाकलं की जिथे दाब जास्त आहे तिथली कातडी पांढरी पडते, लायनर, म्हणजे स्टंपवर चढवायचा मऊ मोजा, असला तरी दाब कुठे येतोय त्याचा अंदाज येतो, मग प्रोस्थेटिस्ट बाहेरून मार्करने खूण करतो, हीट गनने तेवढाच भाग तापवून बाहेर ढकलतो, परत घाला, परत उभे राहा. माझ्या सॉकेटच्या तळाशी त्याने मऊ मातीची गोळी टाकली होती, मी वजन टाकून पाय काढला की गोळी किती चपटी झाली ते बघायचा. अजिबात चपटी नाही म्हणजे टोक हवेत लटकतंय, तिथे सूज येणार. पार पापड झाला म्हणजे सगळा भार टोकावर, तेही वाईट. असं कंटाळवाणं तासन् तास चालतं आणि चालू द्या.

त्या वेळी "ठीक आहे" असं म्हणायची आपल्याला फार सवय असते, समोरचा बिचारा इतकी मेहनत घेतोय म्हणून. म्हणू नका. कुठे टोचतंय ते बोट ठेवून दाखवा, बसून बघा, वाकून बघा, दहा-पंधरा मिनिटं चालून परत सांगा.

पाय लटकून कसा राहतो याच्या तीन-चार पद्धती आहेत. सिलिकॉनचा लायनर चढवायचा आणि त्याच्या टोकाची पिन खाली लॉकमधे टकटक करत बसते, ही एक. हवा बाहेर काढून सक्शनने धरून ठेवणं, ही दुसरी. पंपाने व्हॅक्यूम करणं, ही तिसरी. पिनवाली घालायला सोपी पण टोकाला ओढ बसते, सक्शन घट्ट बसतं पण स्टंपचा आकार बदलत असेल तर सुटू शकतं. पिन असेल तर रोज सकाळी किती टकटक होतात ते लक्षात ठेवा, एखाद दिवशी कमी झाल्या तर स्टंप सुजलाय, जास्त झाल्या तर आक्रसलाय.

आणि तो दिवसभरातही आक्रसतो. सकाळी घट्ट असलेलं सॉकेट दुपारपर्यंत सैल, स्टंप आत खाली बसतो आणि टोकाला किंवा जांघेत टोचायला लागतं. त्यासाठी वेगवेगळ्या जाडीचे स्टंपचे मोजे मिळतात, बाहेर जाताना दोन-तीन बॅगेत ठेवायचेच. मोजे चढवून चढवून पार जाडजूड थर झाला की समजा सॉकेट बदलायची वेळ आली. पहिलं सॉकेट काही महिन्यांत सैल होणं नॉर्मल आहे, फसवलं वगैरे काही नाही, फक्त बजेटमधे दुसऱ्या सॉकेटचे पैसे आधीपासून धरा.

५. पंजा आणि गुडघा निवडणं

पंज्याचं थोडक्यात सांगते. आत कडक गाभा आणि टाचेला मऊ रबर असलेला सॅच फूट हा जुना, स्वस्त, टिकाऊ. कार्बन फायबरचा पंजा टाचेवर भार आला की दबतो आणि चवड्यावरून उचलताना ती ताकद परत देतो. व्हॅन फिलिप्स नावाच्या माणसाचा १९७६ साली वॉटर स्कीइंग करताना पाय गेला, मिळालेला लाकडी-रबरी पाय त्याला पटला नाही म्हणून त्यानेच हा प्रकार शोधून काढला, आणि धावपटूंची ती वाकडी पाती त्यातूनच आली. ती पाती घालून स्वयंपाकघरात उभं राहता येत नाही हे मात्र कोणी सांगत नाही, त्यावर स्थिर उभं राहणंच कठीण असतं, ती फक्त धावायला. पंजा तुमच्या नेहमीच्या चपला-बुटांच्या टाचेच्या उंचीला सेट करून घ्या, उंची बदलली की अख्खी चाल बिघडते.

आता गुडघा. गुडघ्याखालून पाय गेला असेल तर हा भाग सोडा, तुमचा गुडघा तुमच्याकडे आहे आणि ते फार मोठं नशीब आहे, कारण वरून गेलेल्याला चालायला साधारण ६० टक्क्यांहून जास्त ताकद लागते असं धरतात.

साध्या गुडघ्यात भीती एकच, चवडा कशाला तरी अडकला आणि गुडघा सरळ व्हायच्या आत वजन पडलं की तो दुमडतो आणि आपण खाली. त्यामुळे डोकं सतत जमिनीकडे, कोणाशी बोलत चालणं नाही. ओटोबॉक कंपनीचा सी-लेग हा कॉम्प्युटरवाला गुडघा १९९७ साली आला आणि तिथून हे बदललं. आतले सेन्सर सेकंदाला पन्नास किंवा त्याहून जास्त वेळा कोन आणि भार मोजतात आणि त्यानुसार हायड्रॉलिकचा विरोध कमी-जास्त होतो, ठेच लागली की गुडघा लगेच आखडतो आणि सावरायला क्षणभर मिळतो. माझ्यासाठी खरा बदल हाच, मान वर करून चालता येतं. रस्त्यात कोणी हाक मारली तर वळून बघते मी.

पण नीट समजून घ्या, असे बहुतेक बायोनिक गुडघे तुम्हाला वर उचलत नाहीत. ते हुशार ब्रेक आहेत, मोटर नाही. उतरताना पायरीच्या कडेवर अर्धा पंजा बाहेर ठेवून गुडघ्यावर भार टाकला की तो सावकाश वाकत खाली नेतो, एकामागून एक पायरी उतरता येते, चढताना मात्र सगळी मेहनत चांगल्या पायाची. मोटरने ढकलणारे गुडघे आणि घोटे आहेत, स्वतःचे दोन्ही पाय हिमदंशाने गमावलेले, अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेचे ह्यू हेर यांनी घोट्यावर बरंच काम केलंय, पण अशा मोटरवाल्या भागांचं वजन, आवाज, बॅटरी हे सगळं पदरात घ्यावं लागतं. ट्रायल घेतल्याशिवाय काहीच घेऊ नका, आणि ट्रायल दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर नको, उतारावर आणि जिन्यावर घ्या.

विचारायच्या गोष्टी: बॅटरी किती चालते, संपली की गुडघा कडक होतो की सैल, पाणी चालतं का. आयपी ६७ लिहिलं असेल तर गोड्या पाण्यात एक मीटर खोल अर्धा तास, एवढाच त्याचा अर्थ, समुद्राचं किंवा पोहण्याच्या तलावातलं पाणी चालेलच असं नाही.

६. हात घेणाऱ्यांसाठी

मायोइलेक्ट्रिक हातात सॉकेटच्या आत कातडीला टेकलेले इलेक्ट्रोड असतात, स्नायू आवळला की जी बारीकशी वीज तयार होते ती ते पकडतात, एका स्नायूने मूठ उघडते, दुसऱ्याने मिटते. कोपराच्या खाली हात गेला असेल तर बोटं हलवणारे बरेचसे स्नायू अजून शिल्लक असतात, म्हणून "मूठ उघडतोय" अशी नुसती कल्पना केली तरी सिग्नल येतो. हात घ्यायच्या आधीच ही टेस्ट करून घ्या, स्क्रीनवर दोन रेषा दिसतात आणि एक वर जाताना दुसरी खाली राहिली पाहिजे. दोन्ही एकदम वर जात असतील तर आधी काही आठवडे स्नायूंचा सराव.

प्रत्येक बोटाला वेगळी मोटर असलेला पहिला बाजारातला हात आय-लिंब, २००७ चा. पकडी भरपूर, पण पकड बदलायला दोन्ही स्नायू एकदम आवळा किंवा ॲपवर जा, आणि रोजच्या वापरात लोक दोन-तीन पकडींवरच येतात. अर्ध्या किलोच्या आसपास वजन सॉकेटच्या टोकाला लटकतं, ते खऱ्या हातापेक्षा जड भासतं. घाम आला की सिग्नल गडबडतो. आणि स्पर्श कळत नाही, कप हातात आहे की सुटला ते डोळ्यांनीच बघायचं.

म्हणून केबलवाल्या हुकाला नाक मुरडू नका. खांदा पुढे ढकलला की केबल ओढली जाते आणि हुक उघडतो, १९१२ सालचं पेटंट आहे त्याचं, आणि किती जोर लागला ते केबलच्या ताणातून खांद्याला कळतं. २०१६ मधे झुरिकजवळ सायबॅथलॉन ही अशी साधनं वापरणाऱ्यांची स्पर्धा पहिल्यांदा झाली, त्यात रोजची कामं करायची हातांची शर्यत होती, आणि महागड्या रोबोट हातांना मागे टाकून जिंकला रॉबर्ट रॅडोसी, ज्याचा हात शरीराच्याच ताकदीवर, केबलवर चालणारा होता. जमलं तर दोन्ही ठेवा, कामाला हुक आणि बाहेर जायला दुसरा.

लहान मुलांसाठी थ्रीडी प्रिंटवर बनवलेले हलके हात मिळतात, मूल वाढलं की दुसरा छापायचा. पण त्यातले बरेचसे मनगट वाकवून चालतात, म्हणजे मनगट असायला हवं.

७. चालायला शिका, परत पहिल्यापासून

पाय मिळाला म्हणजे चालता येतं असं नाही. आधी समांतर दांड्यांच्या मधे नुसतं वजन इकडून तिकडे टाकणं, मग पाऊल, मग काठी. कृत्रिम पायावर विश्वास बसत नाही म्हणून सगळे चांगल्या पायावर रेलतात आणि लंगडत चालतात, ती सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही आणि पुढे कंबर धरते, त्यामुळे फिजिओ कंटाळवाणा वाटला तरी मधेच सोडू नका. जिन्याचा नियम पाठ करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम आधी. पडायचं कसं आणि जमिनीवरून उठायचं कसं हेही शिकवायला सांगा, बरेच जण स्वतःहून शिकवत नाहीत.

वापर थोडा थोडा वाढवा, तास-दोन तासांपासून. काढल्यावर आलेला लालपणा दहा-पंधरा मिनिटांत गेला तर ठीक, राहिला तर सॉकेट दाखवा. फोड, पू, गरम लागणं किंवा निळसर कातडी दिसली तर पाय घालणं बंद आणि डॉक्टर, विशेषतः मधुमेह असेल तर, कारण तिथे दुखणं कळतच नाही. रोज रात्री आरशात स्टंपची मागची बाजू बघा. लायनर रोज सौम्य साबणाने धुवून पूर्ण वाळवा, पाय घालायच्या तोंडावर क्रीम लावू नका.

८. हाडातला रॉड आणि नसांची ऑपरेशनं

सॉकेटच नको म्हणून हाडात टायटॅनियम बसवून पाय थेट त्याला जोडतात, स्वीडनमधे १९९० साली मांडीच्या हाडासाठी हे पहिल्यांदा केलं गेलं. ज्यांना सॉकेट कधीच जमलं नाही त्यांना याने खूप सुटसुटीत वाटतं, पण रॉड कातडीतून बाहेर येतो तिथे जंतुसंसर्गाचा धोका कायमचा. दुसरं ऑपरेशन मुळात हातवाल्यांसाठी, शिकागोचे डॉक्टर टॉड कुइकेन यांनी पुढे आणलेलं, कापलेल्या नसा दुसऱ्या स्नायूंना जोडायच्या म्हणजे सिग्नलच्या जागा वाढतात. दोन्ही पहिल्या वर्षात ठरवायच्या गोष्टी नाहीत, आधी सॉकेटला नीट संधी द्या.

९. फाईल आणि बॅग

फाईलमधे: ऑपरेशनची डिस्चार्ज समरी, स्टंपचा एक्स-रे, चालू औषधांची यादी, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, इन्शुरन्स किंवा मदतीच्या योजनेचे कागद, डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन, प्रत्येक पार्टचं नाव, सिरीयल नंबर आणि वॉरंटी. मदतीचा अर्ज असेल तर खरेदीच्या आधी मंजुरी लागते का ते विचारा, आधी बिल आणि मग अर्ज असं केल्यावर पैसे अडकलेले लोक मी बघितलेत. विमानाने जाणार असाल तर डॉक्टरांचं पत्र ठेवा, मेटल डिटेक्टर वाजणारच, आणि सुटी लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेत, चेक-इनमधे नाही.

बॅगेत: मोजे, जादा लायनर, चार्जर, छोटा आरसा, ॲलन की. ॲलन की फक्त प्रोस्थेटिस्टने दाखवलेल्या स्क्रूसाठी, अलाइनमेंटचे, म्हणजे पाय कुठल्या कोनात बसतो ते ठरवणारे, स्क्रू स्वतः फिरवू नका.

कॉम्प्युटरवाला गुडघा ठरावीक काळाने सर्व्हिसला कंपनीकडे जातो आणि कधीकधी आठवडे लागतात, तोपर्यंत बदली गुडघा मिळणार का हे खरेदीच्या वेळीच लेखी घ्या. मिळणार नसेल तर आधीचा साधा पाय कोणाला देऊन टाकू नका, आणि नवीन सॉकेट बनवाल तेव्हा तो साधा गुडघा त्यावरही बसेल असा जोड मागा.